ज्यानं लावली त्यानंच काढायची

काकांच्या घरात मला भाड्यानं खोली मिळाली, त्या दिवशी सामान आत ठेवण्याआधी मला चार्ज घ्यावा लागला.

माझी पत्र्याची पेटी अजून अंगणातच होती. शेजारी तांदळाचं पोतं होतं आणि पोत्याला टेकून माझे बाबा उभे होते. काका घरातून बाहेर आले, चपला घातल्या आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मोटर बंद. गॅस बंद. मागचं दार लावलं हाये. काकू आंघोळीले गेली. म्हन."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पोत्याकडे पाहिलं.

"म्हन ना बाई. लाजू नको."

मी म्हटलं, "मोटर बंद, गॅस बंद, मागचं दार लावलं आहे, काकू आंघोळीला गेल्या."

"बराबर. चार्ज तुह्याकडे," असं म्हणून काका पान खायला निघून गेले.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं, आम्ही राहतो ते पुनर्वसनातलं. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. शहरात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही, जपून राहा, असं मला येताना प्रत्येकानं सांगितलं होतं. आणि भंडाऱ्यात पाऊल ठेवल्याबरोबर एका माणसानं मला अख्खं घर देऊन टाकलं होतं. काका परत येईपर्यंत बाबा आणि मी अंगणातून हललो नाही. बाबांची बस गेली.

चार्ज देणं ही कारखान्याची पद्धत होती. हायवेच्या पलीकडे लोखंडी पाइपांचा कारखाना आहे, काका तिथून रिटायर झालेले. शिफ्ट संपली की जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं, कुठली मशीन चालू, कुठली बंद, कुठे काय अडलंय. येणाऱ्यानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. मगच जाणारा घरी जायला मोकळा. मी राहायला गेले तेव्हा काकांना रिटायर होऊन बराच काळ झाला होता, पण सवय काही सुटली नव्हती. काकू म्हणायच्या, "शेवटच्या दिवशी यायनं गेटवर कोनाले चार्ज दिलाच नसन. तसाच घेऊन आले घरी."

काका कुठूनही उठले की चार्ज देत. साकोलीला एका लग्नात जेवण झाल्यावर सगळे निघाले, आणि काका मांडवात नवरीच्या बापाला शोधत फिरत होते. तो सापडला तेव्हा त्याचा हात धरून म्हणाले, "दुसरी पंगत बसली. वरन संपत आलं. नवरदेवाचा मामा कुलरसाठी रुसला हाये. म्हना." त्या बिचाऱ्यानं म्हणून दाखवलं. काकांचा आवाजच तसा होता, समोरचा म्हणून टाकायचा. पुढे कित्येक दिवस काका सांगत, की त्या लग्नात मामाचं रुसणं वेळेवर कळलं ते आपल्यामुळे.

सरकारच्या कामावर मात्र त्यांचा राग होता, कारण सरकार चार्ज न देता काम करतं. त्यांची मोठी मुलगी गोंदियाकडे दिलेली. सोयरीक झाली तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होतं. मग जिल्हा फुटला. "मी पोरगी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात देल्ली होती," काका म्हणत. "जवाईही तोच, घरही तेच, सासूही तेच. आन पोरगी परजिल्ह्यात! मले कोनी इचारलं?" जावई आले की त्यांना ते 'परजिल्ह्याचे पाहुणे' म्हणत. जावई सरळ माणूस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच वाईट वाटून लवकर निघाले होते.

घरातल्या प्रत्येक गोष्टीची तुलना कारखान्याशी व्हायची. कारखान्यातलं पाणी थंड, कारखान्यातला चहा कडक, कारखान्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यातसुद्धा हवा. कारखान्यात कोणी शिंकलं तरी शिस्तीत शिंकत असावं, असं माझं मत झालं होतं. काकूंनी आलू-वांगं केलं की काका पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "कॅन्टीनच्या जवळपास आलं."

"मंग कॅन्टीनवालीच करून आनाची होती," काकू म्हणत.

"थो माणूस होता."

"मंग का झालं. चहा तं कडक देल्ला असता त्यानं."

काकांच्या डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती. मी पहिल्याच आठवड्यात त्याकडे पाहताना सापडले, तेव्हा काका स्वतःच म्हणाले, "रोलरनं खाल्ली. कारखान्यात." मला फार वाईट वाटलं. पुढे कळलं की ही कॉलेजवाल्यांसाठीची गोष्ट होती. गल्लीतल्या पोरांना त्यांनी सांगितलं होतं की वैनगंगेत पोहताना मगरीनं नेली. साकोलीकडच्या नातेवाइकांना नागझिऱ्याचा वाघ सांगितला होता, तिकडे तो जास्त चालायचा. जावयांना सांगितलं होतं की एका फोरमनला ठोसा मारताना गेली, आणि त्यामुळे जावई त्यांच्याशी बोलताना थोडे लांब बसत. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, "जन्मापासून."

मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, खरं काय?"

"ज्याले जे पटते, थे खरं," असं म्हणून ते उठले आणि मला चार्ज देऊन पान खायला गेले.

पण या माणसाबद्दल सांगायचं तर पाटीबद्दलच सांगावं लागतं.

डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून सरळ करून काकांनी ती घरीच बनवली होती. लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'काम चालू आहे. हात लावू नये.' वर तारेचा आकडा. दरवर्षी ते तिला नवा रंग देत. ही पद्धतसुद्धा कारखान्याचीच. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी स्विच बंद करायचा, स्विचवर आपली पाटी लावायची, मग हात घालायचा. पाटी आहे तोवर तो स्विच कोणी लावायचा नाही, मग तो मॅनेजर का असेना. आणि पाटी दुसऱ्यानं काढायची नाही. ज्यानं लावली त्यानंच काढायची.

घरात ती कशावरही लागायची. जेवता जेवता फोन आला तर काका ताटावर पाटी ठेवून उठत. अर्धा वाचलेल्या पेपरावर पाटी. वाळत घातलेल्या सांडग्यांवर पाटी, जी चिमण्या पाळत नसत. एकदा ते न्हाणीघराचा नळ दुरुस्त करत होते. वायसर आणायला म्हणून बाहेर पडले, तर चौकात मोठ्या मुलीकडून निरोप आला की नातू आजारी आहे. ते तसेच गोंदियाच्या बसमध्ये बसले. पाटी न्हाणीघराच्या कडीला. काका परत येईपर्यंत काकू, त्यांची धाकटी मुलगी आणि मी मागच्या अंगणात लुगड्याचा आडोसा करून आंघोळ करत होतो. मी म्हटलं, "काकू, आपण हळूच काढू या का? काका यायच्या आत परत लावून ठेवू."

काकू कशावरही हसणारी बाई. पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही वो बाई. ज्यानं लावली त्यानं."

काकूंचीही एक सवय होती, ती मी आधी आळस समजले होते. त्या घरातलं कोणतंही बटण स्वतः दाबत नसत. पंखा हवा असेल तर "सुजा, पंखा लाव वो." मिक्सर हवा असेल तर "बाई, जरा येतेस का?" कोणीच घरी नसेल तर अंधारात बसत, उकाड्यात बसत, चटणी पाट्यावर वाटत. पाट्यावरची चटणी चांगली लागते, असं म्हणत. लागायचीही. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

सुजा म्हणजे सुजाता, काकांची धाकटी मुलगी, माझ्याच वयाची. काकांच्या कारखान्याच्या गोष्टी सगळं घर कंटाळून ऐकायचं, सुजाता मन लावून ऐकायची. लहानपणापासून. काकांच्या बोलण्यावर शंभर टक्के विश्वास ठेवणारी जगात तीच एक होती, आणि त्याचा परिणाम काय होईल याचा काकांनी कधी विचार केला नव्हता. बारावीनंतर तिनं आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला. वर्गात मुली दोनचारच. काकांना आनंद झाला. "घरचे पंखे, घरची मोटर, सारं पोरगी पाहीन," ते शेजारच्या गुरुजींना सांगत. "सासरीही कामी येईन." वायरमनची परीक्षा पास झालेली मुलगी सासरचा मिक्सर दुरुस्त करते, एवढंच त्यांना दिसत होतं.

मग तिला अप्रेंटिसचं बोलावणं आलं. त्याच कारखान्यातून. येत्या सोमवारी सकाळच्या शिफ्टला हजर व्हायचं. नाही गेली तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

सुजातानं धावत येऊन काकांना सांगितलं. तिला वाटलं ते नाचतील. मलाही तसंच वाटलं. काका आत गेले, खुंटीवरची पाटी घेऊन आले आणि अंगणात उभ्या असलेल्या तिच्या सायकलच्या हँडलला अडकवली.

"बाबा, हे काय?"

"वाचता येते ना?"

"सायकलवर कायचं काम चालू हाये?"

"विचाराचं," काका म्हणाले आणि पेपर उघडला.

कारखाना हायवेपलीकडे, त्या बाजूला ऑटो जात नाही. सायकलीशिवाय पहिली शिफ्ट गाठता येत नाही, हे काकांना माहीत होतं, आयुष्यभर तेही सायकलीनंच गेले होते. दोन दिवस सुजाता त्यांच्या मागेमागे होती. ते जेवताना, दात घासताना, बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर बसलेले असताना. काका प्रत्येक वेळी एकच सांगत, "काम चालू हाये." काय ठरलं हे विचारायची सोय नव्हती, कारण पाटीचा अर्थच तो होता.

मी सुजाताला म्हटलं, "माझ्या मैत्रिणीची सायकल मागू का?"

ती म्हणाली, "सायकलचा प्रश्न नाही वो. पाटी लागली हाये."

मग मला कळलं की काकांच्या घरात काकांपेक्षा कडक कारखाना तिच्या डोक्यात आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं. अंगणात विहीर आहे, पण तोंडावर लोखंडी जाळी, बादली सोडता येत नाही; विहिरीवर मोटर आणि मोटरचा स्विच घराच्या ओसरीत. त्या स्विचवर बिस्किटाच्या डब्याचं गोल झाकण लटकत होतं. झाकणाला नेलपॉलिश लावून लाल केलेलं, वर माझ्याच व्हाइटनरनं लिहिलेलं: 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली सुजाताची सही. काकांच्या पाटीवर सही नव्हती. आयटीआयमध्ये सही शिकवतात.

काका दात घासायचा तांब्या घेऊन त्या झाकणासमोर बराच वेळ उभे होते.

"मोटरीवर कायचं काम चालू हाये?" त्यांनी विचारलं.

"विचाराचं," सुजाता म्हणाली.

आता कोणीही म्हणेल की घर काकांचं, मोटर काकांची, झाकण बिस्किटाचं. हात वर करायचा आणि काढून टाकायचं. मीही तेच म्हणत होते, मनात. काकांनी तांब्या खाली ठेवला, बादली उचलली आणि कोपऱ्यावरच्या हापशीवर गेले.

शेजारचे गुरुजी तिथे तोंड धुवायला आलेले. "काय गा, मोटर बिघडली का?"

"नाही. मेन्टेनन्स."

"मंग चालू होईन ना."

"पाटी लागली हाये."

"त काढून टाक ना लेका!"

"माही नाही ना थे," काका म्हणाले आणि तीन बोटांच्या हातानं हापशीचा दांडा धरून हापसू लागले.

गुरुजींनी ही गोष्ट गल्लीभर केली. लोक मुद्दाम हापशीवर येऊन विचारू लागले, "मेन्टेनन्स चालूच हाये का हो?" काका प्रत्येकाला गंभीरपणे उत्तर देत. दोन-दोन बादल्या घेऊन येत, ओसरीत झाकणाकडे एक नजर टाकत, आत जात. सुजाताही तिच्या सायकलीकडे तशीच नजर टाकत होती. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, पण नियम दोघंही पाळत होते. मी कॉलेजातून येताना माझ्यापुरतं पाणी आणू लागले. काकू मधे उभ्या होत्या आणि प्रथमच कोणाचीच थट्टा करत नव्हत्या.

असं करता करता रविवार आला. उद्या सकाळी सुजाता कारखान्याच्या गेटवर असायला हवी, नाहीतर विषय संपला.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. काकू ताटं वाढत होत्या. सुजातानं ताटाला हात लावला नाही. म्हणाली, "बाबा, आजचा दिवस हाये. एक तर पाटी काढा, नाही तर सांगा काहून नाही."

काकांनी घास खाली ठेवला. "तिथं बाईमानूस नाही."

"मी जाईन तं राहीन ना."

"शिफ्ट राहते. ऊन-पानी राहते."

"तुमी तं सांगत होते शेडमंधी हवा राहते."

काकांना हे अपेक्षित नव्हतं. स्वतःच्याच गोष्टींनी घेरलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि मग डावा हात उचलून तिच्यासमोर धरला. "हे पाह्य. नीट पाह्य. हे कारखान्यानं केलं. तुह्या हाताचं असं करू देऊ का मी?"

त्या हातापुढे कोण काय बोलणार. मला वाटलं संपलं.

काकूंनी भाताची परात खाली ठेवली. "खोटं नका बोलू," त्या म्हणाल्या.

"तू चूप राह्य."

"इतके वर्सं चूप होती. वाघ म्हना, मगर म्हना, मी चूप होती. पन पोरीची नोकरी चालली त्याच्यापायी. आता नाही."

काका उठायला लागले. काकू त्यांच्याकडे न पाहता सुजाताला सांगू लागल्या. "तू नव्हती तवा. आमी गावी राहत होतो, म्हैस होती घरी. धानाच्या तनसाची कुट्टी करायची मशीन होती, मोटरवाली. एक दिवस तनीस अडकलं. यायनं मशीन बंद केली आन पात्यात हात घालून काढून राहिले होते. मी नवीन लग्नाची. मले वाटलं, लाईन गेली असन म्हनून बंद हाये. म्हैस वरडून राहिली होती भुकीनं. म्या बटन दाबलं."

बाहेर कोणीतरी हापशी हापसत होतं, तिचा आवाज येत होता.

"बटन ढिलं होतं," काका म्हणाले. "लावाच्या आधीच लागत होतं थे."

"ढिलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"तुले काय मालूम! मी पाहिलं ना नंतर खोलून. ढिलं होतं."

म्हणजे ती आणखी एक गोष्ट होती. इतक्या जणांना इतक्या गोष्टी सांगून झाल्या होत्या, ही एवढी काकूंसाठी राखून ठेवलेली. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

सुजाता त्या हाताकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "म्हनजे कारखान्यात तुमाले काहीच नाही झालं?"

आता इथे एखाद्या शहाण्या बापानं खाली मान घातली असती. पण प्रश्न कारखान्याबद्दल होता. काका ताठ बसले. "कारखान्यात? नखाले धक्का नाही! एवढी सर्विस झाली, खरचटलं बी नाही. तिथं सेफ्टी होती!"

"मंग बाबा," सुजाता म्हणाली, "तुमचे बोटं घरी गेले. आन मले घरी कायले ठेवता?"

काकांनी घास उचलला. ताटातला भात संपवला. भात टाकणं त्यांना जमत नसे. मग बादली घेऊन हापशीवर गेले आणि संध्याकाळ होत आली तेव्हा रिकामी बादली घेऊन परत आले. येताना चार्ज घ्यायला दुसरं कोणी समोर नव्हतं, म्हणून दारातल्या मला म्हणाले, "हापशीवर गर्दी हाये. म्हन."

"हापशीवर गर्दी आहे," मी म्हटलं. गर्दी नव्हती, मला दिसत होतं.

सोमवारी सकाळी उठले तर सायकल अंगणाच्या मधोमध उभी होती. हँडल मोकळं. साखळीला इतकं तेल दिलेलं की खाली जमिनीवर डाग पडला होता. काका लोखंडी खुर्चीवर पेपर वाचत होते, म्हणजे धरून बसले होते.

सुजाता तयार होऊन बाहेर आली. तिनं सायकल पाहिली. आधी ओसरीत गेली, स्वतःचं झाकण काढलं, मोटर लावली. मग काकांसमोर येऊन उभी राहिली.

"मोटर चालू," ती म्हणाली. "टाकी अर्धी झाली. गॅसवर दूध हाये. आई देवळीत काडीपेटी शोधून राहिली. म्हना."

काकांनी पेपर खाली केला. मी तिथे राहत होते तेवढ्या काळात काकांना चार्ज देताना रोज पाहिलं होतं. घेताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पेपराची घडी केली. "मोटर चालू. टाकी अर्धी. दूध गॅसवर. माय... काडीपेटी."

"बराबर," सुजाता म्हणाली.

मग काकांनी खुर्चीखालून लाल पाटी काढून तिच्या पिशवीत घातली.

"बाबा, तिथं कंपनीची भेटते. अशी घरची चालत नाही."

"मालूम हाये. पन कंपनीच्या पाटीचा तार पातळ राहते," काका म्हणाले. ती फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी गुरुजींना हाक मारून सांगितलं, "फर्स्ट शिफ्टले गेली." गुरुजींनी ते म्हणून दाखवलं नाही, म्हणून काकांनी पुन्हा सांगितलं.

पाटी गेल्यावर घर थोडं चुकल्यासारखं झालं. फोन आला तर काका ताट तसंच सोडून उठत आणि परत येऊन ताटाकडे संशयानं पाहत. सुजाता कामावरून आली की कारखान्याच्या गोष्टी सांगायची. चहा पातळ असतो, शेडमध्ये हवा अजिबात नसते, कॅन्टीनचं आलू-वांगं तोंडात धरवत नाही. काका म्हणत, "तुह्या वेळेले बिघडलं असन." काकू म्हणत, "आता बोला. कोनाच्या जवळपास आलं?" आणि दोघी हसत सुटत.

माझ्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी मोटर बंद पडली. सुजाता शिफ्टला गेलेली. काकांनी स्विच बंद केला, विहिरीकडे गेले, मोटरचं झाकण खोललं आणि सवयीनं मागे खुंटीकडे आले. खुंटी रिकामी.

मी ओसरीत पुस्तक घेऊन बसले होते. म्हटलं, "काका, मी उभी राहते स्विचजवळ. कोणाला हात लावू देणार नाही."

"तू नाही. तुह्यं ध्यान पुस्तकात," काका म्हणाले. मग आत पाहून हाक मारली, "सुजाच्या माय! इकडे ये जरा."

काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"इथं उभी राह्य. स्विचपाशी. मी आवाज देल्ला की लावजो."

काकू मागे सरकल्या. "बाईले सांगा ना. हे बसली हाये ना इथं."

"तिले नाही सांगत. तुले सांगून राहिलो. मोटर बंद. झाकन खोललं हाये. माहा हात आत राहीन. म्हन."

काका थांबून राहिले. त्या घरात चार्ज म्हणून दाखवल्याशिवाय पुढचं काम होत नसे. शेवटी काकू अगदी हळू म्हणाल्या, "मोटर बंद. झाकन खोललं हाये. तुमचा हात आत राहीन."

"बराबर," म्हणून काका विहिरीकडे गेले, आणि पाठ करून बसले, जसं काही मागे स्विच नाहीच.

काकू स्विचसमोर उभ्या होत्या. दोन्ही हात मागे, पदरात गुंडाळलेले. मी पुस्तकाचं पान उलटलं नाही. बऱ्याच वेळानं विहिरीकडून आवाज आला, "लाव!"

काकूंनी हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला. "हात काढला का?"

"काढला वो! लाव!"

"दाखवा."

"अवो, काढला म्हनतो ना..."

"दोनी दाखवा."

विहिरीच्या कठड्यामागून काका उठले. तोंडाला ग्रीस लागलेलं, चेहरा वैतागलेला. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बोटं पसरली, होती तेवढी सगळी.

काकूंनी ती नीट पाहून घेतली. पिठाचं बोट पदराला पुसलं. बटण दाबलं.

टाकी भरून पाणी अंगणात वाहू लागलं, तरी काका हात वर करून उभेच होते; काकूंनी अजून खाली घ्या म्हटलं नव्हतं.